अल्गोलपासून सुरुवात करा

मी सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्यातली जी खगोलशास्त्राकडे वळतात, त्यांना संशोधनाची सवय लावायला ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा पुरतो, दुर्बीणही लागत नाही.

दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो 2.1 प्रतीवरून 3.4 पर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद), कारण जोडीतला अंधुक तारा त्याच्या आड येतो. हा काळ 1783 मध्ये जॉन गुडरिक या 18 वर्षांच्या कर्णबधिर मुलाने मांडला. माझी मुलं त्याच वयाची आहेत, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगते.

नोव्हेंबर ते जानेवारीत हिप्परग्याच्या तलावाकडे जा. शहराचा उजेड दक्षिणेला, पाठीमागे राहतो. तुलनेला देवयानीतला अल्माक (2.1) आणि ययातीतला एप्सिलॉन (2.9) हे तारे घ्या. जवळचा ऱ्हो तारा टाळा, तो स्वतःच रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेजही बदलत राहतं. रात्र तुम्ही निवडा, पण तारा सर्वांत मंद कधी होणार ते मुलांना सांगू नका. सांगितलं की डोळ्यांना तेच दिसू लागतं. दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने अल्गोलच्या प्रतीचा आपला अंदाज लिहायचा, शेजारच्याला विचारायचं नाही. पेनाने लिहायचं, खोडायचं तर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ढग, चंद्र, डोळ्यांवरची झोप, सगळं नोंदवायचं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत: रात्री 9:40 म्हणजे 16:10, आणि पहाटे 2 ची नोंद आदल्या तारखेला जाते. इथे मुलं हमखास गोंधळतात, म्हणून पहिल्या रात्री प्रत्येक वही मी तिथेच तपासते.

मग वेळ आणि प्रत यांचा आलेख. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढून मोकळं होऊ देऊ नका. का जुळले नाहीत, यावर दोघांनी मिळून पानभर लिहायचं. त्या एका पानात मुलं जेवढं शिकतात, तेवढं माझ्या व्याख्यानांत शिकत नाहीत.

बोलण्याचा सराव घरून. आमच्याकडे घरी तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं पुष्कळ. काय पाहिलं ते आधी आजीला घरच्या भाषेत सांगायचं, मग वर्गात मराठीत, शेवटी इंग्रजीत. आजीने विचारलेला प्रश्न वहीत उतरवून आणायचा.

पुण्यातल्या आयुकासारख्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी पत्र लिहिताना 'मला लहानपणापासून आकाशाची आवड' हे वाक्य काढायला लावा. काय पाहिलं, चूक किती असू शकते, कोणती संगणकभाषा येते, एवढं लिहा आणि आलेख जोडा. ज्यांना लिहायचं त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचलेला हवा. अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी.