सिग्लोला दोन रात्री, बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

आम्ही आइसलँडला जाऊन आलो तेव्हापासून सोसायटीतल्या तीन जणांनी विचारलं की ते डोंगरातलं गाव कुठलं, कसं जायचं, किती दिवस ठेवायचे, आणि प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून माझा अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. गावाचं नाव सिग्लुफ्योर्दुर. जीभ वळत नसेल तर टेन्शन नको, तिथलेसुद्धा नुसतं सिग्लो म्हणतात.

कुठे आहे, तर आइसलँडच्या एकदम उत्तरेला, आर्क्टिक सर्कल तिथून जेमतेम चाळीस-पन्नास किमी वर. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूने आत घुसलेला समुद्र, त्यालाच फ्योर्ड म्हणायचं. वस्ती साधारण बाराशे, म्हणजे आपल्या वाघोडिया रोडवरच्या दोन-तीन सोसायट्या धरल्या तर तेवढी माणसं होतील.

आता मुद्द्याचं आधीच सांगतो. या गावाला बरेच लोक अर्ध्या तासात उरकतात, लाल-पिवळी घरं आणि बंदराचा फोटो, एक कॉफी, चला पुढे. तसं करायचं असेल तर एवढ्या लांब आत वळूच नका. यायचं तर दोन रात्री ठेवा, आणि मधला जो अख्खा दिवस मिळेल त्यात कसलंही बुकिंग करू नका. हे आमच्या हिचं म्हणणं होतं, माझं नव्हतं, मी एक्सेल शीटमध्ये तासातासाचं भरून ठेवलेलं. तिने तो रकाना डिलीट केला आणि ट्रिपमधला तोच दिवस सगळ्यात चांगला गेला.

व्हिसा आधी. आइसलँड ईयूमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो, आणि तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा काढायचा. पॅरिसला दोन रात्री आणि आइसलँडला सात, तर अर्ज आइसलँडचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी द्यायलाच हवा, पण उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून दोन-तीन महिने आधी लागा. मोठ्यांची फी 90 युरो, वर सेंटरचे चार्जेस वेगळे, आणि मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा कुठल्या शहरातलं सेंटर आइसलँडचे अर्ज घेतं ते साइटवर बघूनच रेल्वेची तिकिटं काढा. माझ्या एका मित्राने आधी तिकिटं काढली आणि मग बघितलं, असो.

इथून तिकडे डायरेक्ट विमान नाही. युरोपात कुठेतरी बदलावं लागतं, आणि शेंगेनमधल्याच एखाद्या शहरातून गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून मधे दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास तरी ठेवा. लंडनवरून स्वस्त दिसलं तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा, शेंगेनवर इंग्लंड चालत नाही.

उतरायचं केफ्लाविकच्या एअरपोर्टला, तिथून राजधानी रेक्याविक पन्नासेक किमी. पुढे उत्तरेला आकुरेयरीपर्यंत पाऊण तासाचं विमान आहे, पण ते रेक्याविक शहरातल्या छोट्या एअरपोर्टवरून सुटतं, केफ्लाविकवरून नाही, इथे भले भले फसतात. आकुरेयरीहून सिग्लो पाऊणशे किमीच्या आसपास. 78 नंबरची बस जाते, फेऱ्या मोजक्याच. आम्ही गाडीने गेलो आणि मी तरी गाडीच सांगेन, रेक्याविकपासून 385 किमी, गुगल पाच तास दाखवतो, तुम्ही सात धरा कारण दर वळणाला कोणीतरी थांब म्हणणारच.

गाडीचं थोडक्यात. उजव्या बाजूने चालवायची, हेडलाइट दिवसासुद्धा चालू, डांबरी रस्त्यावर 90, खडीच्या रस्त्यावर 80, गावात 50. आपलं लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट दोन्ही जवळ असू द्या. मेंढ्या रस्त्यात येतात, एक गेली की तिच्यामागे दुसरी येणार हे धरूनच चाला. आणि दार उघडताना हाताने घट्ट धरा, वारा दार उलटं फिरवतो आणि त्याचे पैसे इन्शुरन्समधून बहुतेक मिळत नाहीत. पंपावर माणूस नसतो, कार्ड आणि चार आकडी पिन, त्यामुळे निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचं इंटरनॅशनल चालू केलंय ना बघा, यूपीआयची सवय झालेल्यांना पिनच आठवत नाही.

आता बोगदे. सिग्लोला जायचा आकुरेयरीकडचा रस्ता म्हणजे दाल्विक, मग ओलाफ्सफ्योर्दुर, मग सिग्लो. दाल्विक सोडलं की एक जुना बोगदा लागतो, तीन किमीच्या वर लांब आणि आत एकच लेन, दोन्हीकडून ट्रॅफिक. हो, एकच लेन. आत शिरलो आणि समोर लांबवर दोन दिवे दिसले तेव्हा मागून आई म्हणाली, अरे हा तर आपल्याच अंगावर येतोय. नियम सोपा आहे, ठरावीक अंतरावर बाजूला खाचे केलेत, निळ्या पाटीवर एम लिहिलेलं असतं, ज्याच्या उजव्या हाताला खाचा त्याने आत शिरून थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. समोरचा लांब वाटतो पण लवकर येतो, म्हणून दिवे दिसले की पुढचा खाचा गाठायची घाई न करता जवळचाच धरा. कोणी हॉर्न मारत नाही. मांडवीजवळच्या गल्लीत गाडी घालणाऱ्या माणसाला हे अवघड नाही ने, फक्त तिथे माणसं खरंच थांबतात एवढाच फरक.

त्यापुढचे दोन बोगदे नवे आहेत, 2010 साली उघडले, दोन लेनचे, दोन्ही मिळून अकरा किमी. ते व्हायच्या आधी हिवाळ्यात ओलाफ्सफ्योर्दुरहून सिग्लोला यायचं तर डोंगरांना मोठा वळसा घालावा लागायचा, आता पंधरा-वीस मिनिटं. गंमत अशी की पहिला बोगदा संपतो आणि दुसरा सुरू होतो त्याच्या मधे थोडा वेळ उघड्यावर येता, ते हेदिन्सफ्योर्दुर. तिथे 1951 पासून कोणीच राहत नाही. एक पार्किंग आहे, थांबा. इंजिन बंद केलं की पाण्याचा आवाज तेवढा, आम्ही वीस मिनिटं थांबलो आणि माझ्या मुलाने त्या वेळात मोबाइल काढला नाही, आमच्या घरात याला बातमी म्हणतात.

सिग्लोत बघायचं एकच मोठं, हेरिंग म्युझियम. माशाचं म्युझियम म्हटल्यावर घरातले शाकाहारी नाक मुरडतील, ऐकू नका. 1903 मध्ये नॉर्वेजियन लोक इथे हेरिंग पकडायला आले आणि त्यानंतर साठेक वर्षं हे गाव म्हणजे सोन्याची खाण झालं, वस्ती तीन हजारांवर गेली, बंदरात बोटीला बोट लागलेली. मग अतोनात मासेमारी झाली, समुद्रही गार पडला आणि 1968 च्या सुमाराला हेरिंग गेली ती गेलीच. गाव रिकामं व्हायला लागलं. गावकऱ्यांनी पडक्या इमारती दुरुस्त करून हे म्युझियम उभं केलं, 2004 मध्ये त्याला युरोपातल्या उद्योग-म्युझियमांसाठीचा मिकेलेट्टी पुरस्कार मिळाला. तीन इमारती आहेत, एकीत तेल काढायचा कारखाना, एकीत अख्ख्या बोटी धक्क्याला बांधून ठेवल्यासारख्या, आणि तिसरी 1907 ची, मासे खारवणाऱ्या मुलींच्या राहायच्या खोल्यांची.

घाई करायची तर कारखान्यात करा, मुलींच्या इमारतीत नको. वरच्या मजल्यावर त्यांचे बिछाने, कपडे, आरसे, सगळं जसंच्या तसं. बोट कधीही यायची, रात्री दोनला आली तर दोनला उठून धक्क्यावर, मासे कापायचे, मिठात थर लावून पिंप भरायचं. पैसे पिंपावर. एक पिंप भरलं की एक टोकन मिळायचं आणि ते मुली आपल्या बुटात टाकायच्या. हे लिहिलेल्या पाटीसमोर आई बराच वेळ उभी राहिली. दांडिया बाजारात राहायची तेव्हा तिने कितीतरी वर्षं किलोवर पापड लाटून दिलेत. म्हणाली, बुटातच टाकणार, हात मिठाने भरलेले, खिशात कुठे घालतील. उन्हाळ्यात काही दिवशी बाहेर धक्क्यावर खारवण्याचं प्रात्यक्षिक असतं, अकॉर्डियन वाजवत, ती तारीख जुळली तर उत्तम. थंडीत वेळा कमी असतात, आधी साइट बघा.

गाण्याची आवड असेल तर लोकसंगीताचं छोटं केंद्रही आहे. इथले पाद्री ब्यार्नी थोर्स्टाइन्सन यांनी गावोगावची गाणी गोळा करून नोटेशनमध्ये लिहून ठेवली, तीही साधारण आपल्याकडे सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी 1886 ला गायनशाळा काढली त्याच सुमाराला. अर्ध्या तासात बघून होतं. जुलैत तिथे लोकसंगीताचा उत्सव असतो, तेव्हा राहायला जागा मिळणं मुश्किल.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर मातीचे मोठे बांध दिसतील, वरती लोखंडी कुंपणं. ती बर्फाचे कडे कोसळून गावावर येऊ नयेत म्हणून. बांधावरून चालता येतं, खाली अख्खं गाव दिसतं, आमचा तो रिकामा दिवस तिथेच गेला.

खाणं. किचनवाली जागा घ्या, शाकाहारींना बाहेर फार काही मिळत नाही, सूप विचारूनच घ्या, आणि पंपावरचा फेमस हॉटडॉग मुख्यतः मेंढीच्या मटणाचा असतो, त्यात डुकराचं आणि गाईचं मांसही असतं. इथून नेताना एक लक्षात ठेवा, दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही युरोपबाहेरून न्यायची परवानगी नाही, म्हणजे तूप, पेढे, बासुंदी बंद. भाजणी, मेतकूट, पोहे, आपली जगदीशची भाकरवडी बिनधास्त. मोठी खरेदी आकुरेयरीलाच करून घ्या, सिग्लोत दुकान आहे पण लहान. आणि फोडणी करताना आधी खिडकी उघडा. आमच्या आईने हिंग-मोहरी टाकली मात्र, छतावरचा स्मोक अलार्म असा कोकलला की समोरच्या घरातले आजोबा बाहेर आले, आणि मग मी टॉवेल फडकवतोय, मुलगा स्टुलावर चढलाय, आणि आई म्हणतेय पोहे करपतील.

तरणतलाव सोडू नका, गरम पाण्याचे कुंड असतात आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथेच गप्पा मारत बसलेलं असतं. पण पाण्यात उतरायच्या आधी कपडे काढून, म्हणजे सगळे काढून, साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे, पुरुष-बायका वेगवेगळ्या खोल्यांत, पण आत पडदा असेलच असं नाही. आपल्या माणसांना हे पहिल्यांदा जड जातं. कोणी बघत नाही, पटकन उरका.

कधी जायचं, तर जूनमध्ये रात्र होतच नाही, डोळ्यावर बांधायची पट्टी न्या. सप्टेंबरमध्ये अंधार परत येतो, नशीब असेल तर नॉर्दर्न लाइट्स, रस्तेही बहुतेक उघडे, आम्ही तेव्हाच गेलो. दाल्विकहून व्हेल बघायच्या बोटी सुटतात, कमाटीबागेतल्या म्युझियममधला व्हेलचा सांगाडा बघत मोठ्या झालेल्यांनी एकदा हाडांवर मांस असलेला बघावाच. भर हिवाळ्यात मात्र डोंगरांमुळे दोन महिन्यांवर गावात ऊनच पोचत नाही, 28 जानेवारीला सूर्य परत दिसतो आणि त्या दिवशी घरोघरी पॅनकेक खातात. म्हणजे आपली उत्तरायण संपून उंधियू पचतो न पचतो तोवर त्यांची.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सिग्लोत राहू नका. गावात यायचे दोनच रस्ते, एक आकुरेयरीकडून आणि एक पश्चिमेकडून समुद्राच्या कडेने, त्यावर दरडी येतात, हिवाळ्यात हिमकडे, आणि कधीकधी दोन्ही बंद होतात. आम्ही पश्चिमेच्या रस्त्याने होफ्सोसला जाऊन तिथला समुद्राला लागून असलेला स्विमिंग पूल करून परतणार होतो, सकाळी उठून बघतो तर रात्रभराच्या पावसाने तो रस्ता नकाशावर लाल. मग परत त्याच एका लेनच्या बोगद्यातून आकुरेयरीला आणि तिथून रेक्याविक, दिवस गेला, पण रेक्याविकला एक जादा रात्र ठेवलेली होती म्हणून विमान चुकलं नाही. ती रात्रही हिनेच ठेवलेली, मी कापायला निघालो होतो. रोज सकाळी चहाबरोबर दोन साइट उघडायच्या, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि हवेसाठी वेदुर डॉट आयएस. आणि हो, छत्री घरीच ठेवा.