टगबोट आणि मोठे जहाज: दोर बांधण्यापासून सोडण्यापर्यंत या चुका टाळा

मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच कक्षातून, पाहणाऱ्याला टगबोट (जहाजाला ओढणारी-ढकलणारी लहान पण ताकदवान नौका) म्हणजे हवा तेव्हा, हव्या त्या दिशेला लावता येणारा जोर वाटू लागतो. दोन टगबोटी, प्रत्येकीची ओढ 60 टन, एवढे कागदावर दिसले की मनातल्या मनात 120 टनांची बेरीज होऊन जाते आणि पुढच्या बऱ्याच चुका या बेरजेतूनच जन्माला येतात. हा आकडा, ज्याला बोलार्ड पुल म्हणतात, तो टगबोटीला धक्क्यावरच्या खांबाला बांधून, शांत पाण्यात आणि शून्य वेगाला मोजलेला असतो. जहाज चालू लागले की टगबोटीची बरीच ताकद जहाजाच्या बरोबरीने राहण्यातच खर्ची पडते आणि जहाजाच्या वाट्याला उरलेलीच येते.

वाऱ्याचा हिशेब न करणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कंटेनर रचलेल्या मोठ्या जहाजाची एक बाजू 10,000 चौरस मीटरची धरली, तर सेकंदाला 10 मीटर वेगाचा आडवा वारा त्या बाजूवर साधारण 60 टनांचा भार टाकतो आणि वारा 15 मीटरवर गेला की तोच भार 140 टनांच्या आसपास पोहोचतो. वारा दीडपट झाला, भार सव्वादोनपट झाला आणि वर केलेली 120 टनांची बेरीज तोकडी पडली. वारा वाढण्याची शक्यता असेल तर तिसरी टगबोट धक्का सोडण्याआधीच मागवावी. जहाज वाऱ्याने सरकू लागल्यावर मागवलेली टगबोट सहसा वेळेवर पोहोचत नाही.

वेग: सर्वांत महाग पडणारी चूक

पुढच्या टोकाला टगबोट बांधून घेताना जहाजाचा वेग पाण्यातून पाच-सहा नॉटपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जास्त ठेवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. चालत्या जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि तिथून थोडे मागे, खांद्यापाशी, तो एकदम घटतो. टगबोट या दोन पट्ट्यांमधून जाते तेव्हा ती एकदा बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. हे बळही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे चार नॉटला सहज पेलणारी ओढ आठ नॉटला चौपट होते. जहाजावरच्या खलाशाने हीव्हिंग लाइन (जाड दोर ओढून घेण्यासाठी आधी फेकली जाणारी बारीक दोरी) फेकायला उशीर केला, तर टगबोट त्या धोक्याच्या जागी तेवढा जास्त वेळ अडकून राहते, म्हणून लाइन आणि ती फेकणारा माणूस दोन्ही आधीच तयार असायला हवेत. लाइन जड व्हावी म्हणून टोकाला नट-बोल्ट किंवा लोखंडी तुकडा बांधण्याची खोड मात्र अक्षम्य आहे, कारण खाली डेकवर माणसे उभी असतात.

वेग अनावर झाला तर पुढचा धोका गर्टिंगचा असतो. जहाज टगबोटीला मागे टाकू लागते, दोर टगबोटीच्या बाजूला आडवा येतो, तिचा काठ पाण्याखाली जातो आणि काही सेकंदांत ती उलटते. 19 डिसेंबर 2007 रोजी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीत दाट धुक्यात ‘रेड जॅस्मिन’ या मालवाहू जहाजाच्या पुढे दोर बांधून चाललेली ‘फ्लाइंग फँटम’ ही टगबोट अशीच उलटली आणि तिच्यावरच्या चौघांपैकी तिघे दगावले. दोर सोडण्याची आपत्कालीन यंत्रणा असते, पण तिला लागणारा वेळ आणि उलटायला लागणारा वेळ यांच्यातली शर्यत टगबोट हरू शकते. त्यामुळे इंजिनचा वेग वाढवण्याआधी, वळण घेण्याआधी आणि प्रोपेलर फिरवण्याआधी टगबोटीला रेडिओवर सांगणे हा नुसत्या शिष्टाचाराचा भाग समजू नये. टगबोटीवरही दोर बांधलेला असेपर्यंत डेकची आणि इंजिनरूमची जलरोधक दारे बंदच असली पाहिजेत. उन्हाळ्यात इंजिनरूममध्ये उकडते म्हणून दार अडकवून उघडे ठेवण्याची सवय फार जुनी आहे आणि कललेल्या नौकेत पाणी शिरायला तेवढी फट पुरते.

‘टगबोट ओढते आहे, पण जहाज हलत नाही’

अशी तक्रार आली की प्रथम दोराची लांबी पाहावी. टगबोट आखूड दोरावर जहाजापासून दूर ओढत असेल, तर तिच्या प्रोपेलरचा झोत थेट जहाजाच्या कुशीवर आदळतो आणि तिने ओढून मिळवलेला जोर मोठ्या प्रमाणात रद्द होतो. ब्रिजवरून खाली पांढरे फेसाळ पाणी कुशीला थडकताना दिसले की हेच घडते आहे असे समजावे. दोर लांब करणे किंवा तिला पलीकडच्या बाजूने ढकलायला लावणे हे त्यावरचे उपाय आहेत. उंच जहाजावर आखूड दोर चढाने जातो, हा वेगळा तोटा आहे: दोर पाण्याच्या पातळीशी 60 अंशांचा कोन करत असेल, तर निम्मीच ओढ आडवी कामाला येते, आणि बाकीचे बळ जहाजाचा काठ खाली आणि टगबोट वर ओढण्यात जाते.

दोर बरोबर असूनही नाळ वळत नसेल, तर जहाज पुढे सरकते आहे का ते तपासावे. पुढे चालणाऱ्या जहाजाचा वळण्याचा केंद्रबिंदू पुढे सरकतो, नाळेपासून लांबीच्या साधारण पाव ते तृतीयांशावर. साहजिकच पुढच्या टगबोटीचा तरफेसारखा फायदा घटतो आणि मागच्या टगबोटीचा वाढतो. जहाज मागे चालत असेल तर हे उलटे होते. पुढच्या टगबोटीला ‘अजून जोर’ असे पुन्हापुन्हा सांगण्यापेक्षा आधी जहाजाचा वेग कमी करावा, म्हणजे तीच टगबोट तेवढ्याच ताकदीत काम करू लागते. ढकलणारी टगबोट कुशीवर ‘टग’ अशी खूण केलेल्या जागीच लागली आहे का, हेही पाहून घ्यावे. त्या जागी आतली चौकट मजबूत केलेली असते, इतरत्र पत्रा दबतो.

सोबतीला असलेली टगबोट खूप लवकर सोडणे

26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ या 300 मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाला दोन टगबोटींनी धक्क्यापासून बाहेर काढले आणि नेहमीच्या पद्धतीने त्या सोडून दिल्या गेल्या. पुढे जहाजाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि सुमारे चार मिनिटांत ते फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले. पुलावर काम करणारे सहा जण मृत्युमुखी पडले. त्या चार मिनिटांत टगबोटी परत बोलावल्या गेल्या, पण अंतर पार करायला वेळच नव्हता. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये 1989 साली ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढल्यानंतर 1990 च्या अमेरिकी कायद्याने तिथे एकेरी कवचाच्या, भरलेल्या मोठ्या तेलवाहू जहाजांसोबत दोन नौका सक्तीच्या केल्या, त्यामागे हाच विचार होता. बिघाडानंतरची मदत बहुधा उशिरा येते, म्हणून सोबतीची टगबोट अरुंद मार्ग आणि पूल मागे पडेपर्यंत, शक्य तिथे मागच्या बाजूला दोर बांधूनच, जवळ हवी.

अशी दोर बांधलेली टगबोट आठ-दहा नॉट वेगात आपले अंग पाण्यात तिरके धरून जहाजाला वळवते किंवा रोखते, आणि या पद्धतीत निघणारे बळ तिच्या बोलार्ड पुलापेक्षाही जास्त असू शकते. माझ्या मते इथेच सर्वाधिक दुर्लक्षित चूक घडते: 70 टनांची टगबोट म्हणून दोर जहाजाच्या डेकवरच्या 64 टनांची मर्यादा असलेल्या बोलार्डला (दोर बांधण्याच्या लोखंडी खांबाला) अडकवला जातो, आणि सुकाणू निकामी झालेल्या क्षणी बोलार्डच डेकमधून उखडण्याची वेळ येते. बोलार्डवर वेल्डिंगने कोरलेली टनांची मर्यादा वाचून पायलटला (बंदराच्या वाटाड्याला) आगाऊ सांगावी.

दोर सोडताना

दोर ताणात असताना त्याच्या रेषेत किंवा त्याने बनलेल्या कोनाच्या आत कोणी उभे राहू नये, कारण तुटलेला दोर परततो तेव्हा पळायला सवड मिळत नाही. टगबोट जवळ येऊन दोर सैल झाला की जहाजावरच्या माणसाने दोराचा डोळा (टोकाचा फास) बोलार्डवरून काढून फेकून द्यायचा नसतो. मेसेंजर लाइनला (मुख्य दोराला जोडलेल्या बारीक दोरीला) बोलार्डभोवती दोन-तीन वेढे देऊन ती हळूहळू सैल सोडावी आणि टगबोटीची विंच जेवढे ओढेल तेवढेच खाली जाऊ द्यावे. दोर एकदम पाण्यात पडला, तर तो टगबोटीच्याच नव्हे, जहाजाच्याही प्रोपेलरमध्ये गुंतू शकतो. टगबोटीच्या डेकवरच्या माणसाने हात वर करून दोर पूर्ण आत आल्याचे दाखवेपर्यंत ब्रिजवरून इंजिनचा हुकूम देऊ नये.