फक्कीच्या रेघेपुढची माती

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मी कास्टिंग तपासायचं काम करतो. हातात रोज व्हर्नियर आणि गेज. चाळिशीनंतर गोल्फ धरलं तेव्हा वाटलं, हा खेळ साहित्याचा आहे, आणि साहित्य तर आपल्याला कळतं. पहिलं वर्ष या समजुतीतच गेलं. माझ्या ओळखीत हा खेळ खेळणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चूक दाखवणारंही कुणी नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात. मी जुन्या बाजारातून 14 च्या 14 उचलले. नवशिक्याला पाच पुरतात: पटर (भोकाजवळ चेंडू घरंगळवायला), सँड वेज (वाळूतून चेंडू काढायला), नऊ आणि सात नंबरचं आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब), एखादं हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हरच्या मधलं). ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सगळ्यात शेवटी घ्या. त्याची दांडी सगळ्यात लांब असते, आणि हात बसलेला नसताना ती प्रत्येक चूक मोठी करून दाखवते.

आयर्न घेताना मागची बाजू बघा. मधे खोलगट आणि कडेला जाड असेल तर ते तुमच्यासाठी. फ्लायव्हीलचं वजन कडेला का ठेवतात हे आपल्या उद्यमनगरातला कुठलाही टर्नर सांगेल. इथंही तेच आहे. चेंडू मध्यावर न लागता टोकाला लागला तरी क्लबचं डोकं कमी पिळतं. कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांनी 1959 मध्ये आपल्या गॅरेजमध्ये असाच पटर बनवला, वजन टाचेला आणि टोकाला सारून. पुढे आयर्नमध्येही हीच कल्पना आली. अशी डोकी बहुतेक मेणाच्या नमुन्यावरून, म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने ओततात. फोर्जिंगची, म्हणजे ठोकून घडवलेली, डोकी हाताला मऊ लागतात खरी, पण तो फरक कळायला आधी चेंडू नीट मधे लागावा लागतो.

आणखी एक. क्लबवरच्या नंबरावर विसंबू नका. मी दोन वेगवेगळ्या सेटमधल्या सात नंबरचा कोन, म्हणजे तोंडाचा उतार, मोजला तर चार अंशांचा फरक निघाला. दुकानदार म्हणतो, नवा सात नंबर लांब मारतो. मारणारच, त्याचा उतार कमी केलेला असतो.

आता स्विंग. माझी चूक एकच होती आणि ती दीड वर्ष टिकली: चेंडू हवेत जावा म्हणून मी त्याला उचलायला बघायचो. उचलायचं काम क्लबच्या उताराचं आहे. आयर्न खाली येताना आधी चेंडूला लागलं पाहिजे, मग जमिनीला. गच्चीवर जाळी बांधून मॅटवर सराव करत होतो तोवर हे कळलंच नाही, कारण चेंडूच्या मागे टेकलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो.

मग कागलजवळच्या आमच्या माळावर गेलो. सोबत आबा होते, माझे चुलते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. पाच-सहा फटके बघितल्यावर म्हणाले, "आरं पोरा, समदा जोर खांद्यातनं काढतोयस. पाय कुठं हाईत तुझं? आधी कंबर फिरू दे की."

तेवढ्यावर माझं निम्मं काम झालं. उरलेलं काम फक्कीनं केलं. जमिनीवर, मारायच्या दिशेला आडवी, फक्कीची एक सरळ रेघ ओढा. चेंडू ठेवू नका. रेघ चेंडूच्या जागी धरून उभं राहा, नुसता क्लब फिरवा आणि माती कुठं उडाली ते बघा. रेघेच्या मागची उडाली तर वजन मागच्या पायावर राहिलंय. पुढची उडाली तर बरोबर. पहिल्या दिवशी माझे 40 पैकी तीन फटके पुढे पडले. रोजचा आकडा वहीत लिहीत गेलो. तीन महिन्यांनी 26 आले, तेव्हा पुन्हा चेंडू ठेवला.

पटिंगचं थोडक्यात सांगतो, पण सोडू नका. पार 72 च्या, म्हणजे 18 भोकांना मिळून 72 फटके अपेक्षित असलेल्या, मैदानात दर भोकाला दोन याप्रमाणे 36 फटके पटरचे धरलेले असतात. भोकाचा व्यास 108 मिलिमीटर. तेवढं पुठ्ठ्याचं वर्तुळ कापा आणि घरच्या सतरंजीवर रोज दहा मिनिटं द्या.

मैदानावर खेळायला मी पुण्याला, येरवड्याला जातो. तिथं एकदा दाट गवतात पडलेल्या चेंडूजवळची सुकी काडी काढताना चेंडू बोटभर हलला. सोबतचे दोघं लांब होते. नियम स्पष्ट आहे: एक फटका दंड आणि चेंडू जागेवर परत. गोल्फमध्ये दर चेंडूमागे पंच नसतो. अमेरिकेचे नामवंत गोल्फर बॉबी जोन्स यांनी 1925 च्या यूएस ओपन स्पर्धेत असाच स्वतःवर एक फटका लावून घेतला, मग बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये ते हरले. हे मला ठाऊक होतं, तरी चेंडूकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. मग हात वर करून दोघांना सांगितलं आणि सातच्या जागी आठ लिहिले.

पुढच्या आठवड्यात कामावर तीन नग मापाच्या अगदी काठावर आले. असे नग मी पूर्वी पुन्हा पुन्हा मोजायचो, एखादं माप बरं निघेपर्यंत. त्या दिवशी एकदाच मोजले आणि तिन्हींना लाल रंग लावला.