आमवात: पेनकिलरवर दिवस काढू नका, आणि आणखी काही चुका

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. टूथपेस्टचं झाकण फिरवताना बोटं साथ देत नाहीत, अंगठी सुजलेल्या पेरावर अडकते. तास-दीड तासाने हात मोकळा होतो आणि आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." पहिली चूक इथेच होते.

झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो, बसलं की बरं वाटतं. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, नेमकं उलट घडतं. विश्रांतीनंतर सांधे आखडतात आणि हालचालीने सुटतात. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ते अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) व हाड कुरतडू लागतं. बहुतेक वेळा दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजतात. तिशी-चाळिशीतही हे होतं, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट.

दुसरी चूक म्हणजे पेनकिलरवर दिवस काढणं. त्याने दुखणं दबतं, पण हाडाची झीज आत चालूच राहते. एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत, म्हणून सुरुवातीचे तीन ते सहा महिने फार मोलाचे. सहा आठवडे सूज टिकली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच. लेबल नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला तर हुरळून जाऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

"आरए फॅक्टर (आमवातासाठीची एक रक्ततपासणी) निगेटिव्ह आला, म्हणजे आमवात नाही" हाही गैरसमजच. कित्येक रुग्णांमध्ये तो निगेटिव्हच असतो, आणि काही निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी जास्त नेमकी, पण निदान सांधे हाताने तपासूनच पक्कं होतं.

आता सगळ्यात धोक्याची चूक. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव अक्षरी लिहून घ्या, "दर रविवारी" असं. तोच वार पाकिटावर मार्करने लिहा आणि हे पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळी बहुधा वेगळ्या दिवशी असते, तीही सोडू नका. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग दिसले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्याआधी "काही फरक नाही" म्हणून ती सोडणारे खूप, आणि बरं वाटलं म्हणून सोडणारेही. दोघांचीही सूज उसळून परत येते. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. दारू पीत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सिगारेटने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि झालेला बळावतो. मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या बरंच आधी डॉक्टरांशी बोला, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. बायोलॉजिक इंजेक्शन (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारं औषध) सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी टाळू नका, शरीरात दबून असलेला टीबी या औषधांनी उफाळून येऊ शकतो.