घरच्या स्टुडिओसाठी मॉनिटर कंट्रोलर: चार रेझिस्टर आणि एक नॉब

ऑडिओ इंटरफेस आणि अ‍ॅक्टिव्ह स्पीकर यांच्यामध्ये बसणारी ही लहानशी पेटी मुख्यतः दोन कामं करते: आवाज कमी-जास्त करणं आणि हवा तेव्हा तो चटकन बंद करणं. तिला वीज लागत नाही, आत एकही आयसी नसतो. पण मिक्सिंग करताना ऐकलेला प्रत्येक स्वर तिच्यातून जातो, म्हणून जोडणी मन लावून करा. ती फक्त लाइन आउटपुटसाठी (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या कमी ताकदीच्या सिग्नलसाठी) आहे. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि पॅसिव्ह स्पीकर यांच्यामध्ये कधीच लावू नका.

बॅलन्स्ड जोडणीत प्रत्येक बाजूचा सिग्नल हॉट (सुलट) आणि कोल्ड (उलट) अशा दोन तारांतून जातो, म्हणून स्टिरिओत दोन्ही बाजूंच्या मिळून चार सिग्नलच्या तारा येतात. नेहमीच्या पद्धतीनं जोडायचं तर चार गँगचा पॉट (एकाच दांड्यावर एकत्र फिरणारे चार बदलते रेझिस्टर) लागतो आणि त्याच्या चारही गँग एकसारख्या चालणं दुर्मीळ. म्हणून मी शंट पद्धत सुचवेन. प्रत्येक तारेत 2.2 किलोओहमचा एक रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे, हॉट आणि कोल्डच्या मध्ये, पॉट आडवा जोडा. डाव्या बाजूला एक गँग, उजव्या बाजूला दुसरी. म्हणजे 10 किलोओहमचा ड्युअल (दोन) गँग लॉग पॉट, म्हणजे ज्याचा रोध आधी हळू आणि पुढे झपाट्यानं वाढतो असा, पुरतो. नॉब शून्यावर आणला की हॉट-कोल्ड एकत्र येतात, त्यांच्यातला फरक नाहीसा होतो आणि स्पीकर गप्प होतो. इंटरफेसला मात्र तेव्हाही 4.4 किलोओहमचा भार दिसतो, त्यामुळे त्याला धोका नाही. स्पीकरचा इनपुट 20 किलोओहमचा धरला, तर नॉब पूर्ण उघडल्यावरही पातळी साधारण 4.4 डेसिबलनं खाली राहते. एवढं चालतं.

रेझिस्टर 1 टक्केवाले, मेटल फिल्मचे घ्या. चार लागतात, पण दहा आणा आणि मल्टिमीटरवर मोजून सर्वांत जवळचे चार निवडा. हॉट आणि कोल्डच्या रेझिस्टरमध्ये तफावत पडली की बाहेरची घरघर रद्द करण्याची बॅलन्स्ड जोडणीची ताकद कमी होते. पॉटच्या दोन्ही गँगही नॉबच्या चार-पाच जागांवर मोजा, विशेषतः सुरुवातीच्या भागात. तिथे फरक असेल तर हळू आवाजात गाणं एका बाजूला झुकतं. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर.

पेटी धातूचीच हवी. आधी सगळी भोकं पाडून घ्या, मगच सोल्डरिंग. टीआरएस (तीन संपर्कांच्या) जॅकचं टोक हॉट, मधलं कडं कोल्ड, स्लीव्ह ग्राउंड. ग्राउंड इनपुटपासून आउटपुटपर्यंत सरळ न्या आणि पेटीलाही जोडा; त्याच्या वाटेत स्विच नको. पॉटचा दांडा तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय हॉटला आणि मधला कोल्डला जातो.

रेझिस्टरच्या पुढे दोन स्विच फुकटात मिळाल्यासारखे आहेत. दोन पोलचा एक स्विच दोन्ही बाजूंचे हॉट-कोल्ड शॉर्ट करतो: म्यूट. तसाच दुसरा डावा हॉट उजव्या हॉटला आणि डावा कोल्ड उजव्या कोल्डला जोडतो: मोनो. दोन्ही बाजूंचं मिश्रण तेच चार रेझिस्टर करतात. मोनो नक्की बसवा. फेजची गडबड (दोन बाजूंच्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडणं) त्यावर लगेच उघडी पडते.

या रचनेतला एक धोका नीट समजून घ्या. पॉटचा मधला पाय सुटला किंवा आतला संपर्क तुटला, तर आवाज बंद होत नाही, एकदम पूर्ण चढतो. त्यामुळे पॉट चांगल्या दर्जाचा घ्या, तो खरखरू लागताच बदला आणि स्पीकरचा स्वतःचा गेन असा ठेवा की नॉब पूर्ण उघडला तरी कानाला इजा होणार नाही.

काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. इनपुटच्या हॉटपासून आउटपुटच्या हॉटपर्यंत 2.2 किलोओहम दिसायला हवेत. आउटपुटच्या हॉट-कोल्डमध्ये नॉब शून्यावर असताना जवळजवळ शून्य आणि पूर्ण उघडल्यावर सुमारे 10 किलोओहम. कोल्डची वाटही तशीच तपासा. मग नॉब शून्यावर ठेवून केबल लावा, आधी इंटरफेस चालू करा, शेवटी स्पीकर.

शेवटचं काम पिंक नॉइजचं (चाचणीसाठी वापरतात त्या एकसारख्या खळखळाटाचं). एका वेळी एकच स्पीकर वाजवा, बसायच्या जागी ध्वनिमापक धरा आणि लहान खोलीत 75 डेसिबलच्या आसपास जी जागा येईल तिथे नॉबभोवती खूण करा. आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि तार स्वर कानाला वेगळे भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली मोजून दाखवलं होतं. त्यामुळे बास किती ठेवायचा हे ठरवताना नॉब दर वेळी त्याच खुणेवर आणा.