उन्हाळ्याचे गाणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या बँडने उन्हाळ्यासाठी एक उडत्या चालीचे, साठच्या दशकातील रॉकच्या वळणाचे गाणे सोलापुरातच ध्वनिमुद्रित केले आणि ते आम्हांला प्रसिद्ध करता आले नाही. चाल चांगली होती, वादक तयारीचे होते, स्टुडिओचे पैसेही भरलेले होते. प्रत्येक टेकपूर्वी, म्हणजे गाण्याच्या प्रत्येक सलग मुद्रणापूर्वी, सर्व वाद्ये ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, नव्याने लावून घ्यायची, एवढी एकच गोष्ट राहिली आणि तेवढ्याने सगळे काम वाया गेले. यंदा तेच गाणे पुन्हा करायचे आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो.

तारीख उलटी मोजत यावी. गाणे एप्रिलच्या आरंभी लोकांच्या कानावर पडायला हवे असेल, तर ध्वनिमुद्रण सोलापूरची जानेवारीतील गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. मे महिन्यात हाती आलेले उन्हाळी गाणे ऐकेपर्यंत पाऊस येतो. जुन्या वळणाच्या गाण्यात ट्रम्पेट हवाच आणि आपल्याकडे उत्तम ट्रम्पेट वाजवणारे वादक वरातीच्या बँडमध्येच भेटतात; तेव्हा पंचांगातील लग्नाच्या तिथी आधी पाहाव्यात आणि मगच स्टुडिओला दिवस सांगावा. लग्नाच्या तिथीला वादक येईल असे गृहीत धरून कोणीही विसार देऊ नये.

गाणे 3 मिनिटांच्या आत बसवावे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावत असे आणि 1949 साली 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी आल्यानंतरही लोकप्रिय गाण्यांनी ती लांबी फारशी सोडली नाही. या मर्यादेमुळेच ती गाणी पहिल्या काही सेकंदांत मुख्य चालीवर येतात, दीर्घ प्रास्ताविकात रेंगाळत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या व खंजिरी, ऑर्गनचा पातळ आवाज, गिटारवर स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून काढलेला घुमारा): एवढ्याने तो काळ उभा राहतो. याहून अधिक भर घालण्याचा मोह टाळावा, कारण गर्दी झाली की गाण्यातला उन्हाळ्याचा मोकळेपणा जातो.

गाण्याची पट्टी गिटारवादकाच्या सोयीने ठरवू नये, यावर मी ठाम आहे. ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटचा असतो, म्हणजे त्याचा लिहिलेला सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो. गिटारला सोपी असलेली ई पट्टी घेतली, तर त्या बिचाऱ्या वादकाला एफ शार्पमध्ये, सहा शार्प सांभाळत वाजवावे लागते. त्यापेक्षा गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई पट्टीतल्या कॉर्डचेच आकार धरावेत. गाणे एफमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी चारमध्ये येते आणि ट्रम्पेटला सोपी जी पट्टी मिळते. मात्र कॅपो आवळल्याने तारा किंचित चढतात. कॅपो लावल्यानंतर ट्यूनर पाहावा, लावण्यापूर्वी पाहून उपयोग नाही.

खोली निवडताना केवळ आतून ऐकू नये. सोलापूरच्या पूर्व भागात स्टुडिओ असेल, तर शेजारी यंत्रमाग आहेत का आणि ते केव्हा बंद असतात हे स्वतः जाऊन विचारावे; मागाची धडधड जमिनीतून माइकच्या स्टँडपर्यंत येते आणि ती भिंतीवर फोम लावून थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वातानुकूलन यंत्राची घरघर माइकमध्ये येते, म्हणून टेकपुरते ते बंद करतात. सोलापूरच्या उन्हात बंद खोलीत पाच माणसे आणि तापलेले अँप्लिफायर असले, की पारा भराभर चढतो. ध्वनीचा वेग 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, 40 अंशांना तो सुमारे 355 मीटर होतो. ट्रम्पेटची नळी तेवढ्याच लांबीची राहते, म्हणून तिच्यातला सूर चढतो. गिटारच्या तारा उलट उष्णतेने प्रसरण पावून सैल होतात आणि सूर उतरतो. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर जागच्या जागी उभा असतो. म्हणजे सकाळी एकत्र असलेली तीन वाद्ये दुपारी तीन दिशांना गेलेली असतात. आम्ही सकाळी नऊला वाद्ये लावली आणि अडीच वाजेपर्यंत त्याच भरवशावर वाजवत राहिलो. कान हळूहळू सरावतो, त्यामुळे खोलीत कोणाला काहीही खटकले नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकले, तेव्हा ट्रम्पेट आणि गिटार यांच्यात पाव स्वराएवढे अंतर पडलेले होते.

हे नंतर संगणकावर दुरुस्त होईल, असे कोणी सांगितले तर मानू नये. जुना बाज यावा म्हणून आम्ही सर्वांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवले होते, त्यामुळे ट्रम्पेट ड्रमच्या माइकमध्ये होता, गिटार ट्रम्पेटच्या माइकमध्ये होती. एकाचा सूर खाली ओढला की दुसऱ्याची सावली त्याच्याबरोबर खाली येत होती. म्हणून पुन्हा सांगतो: प्रत्येक टेकपूर्वी ट्यूनर. दिवसातून एकदा नव्हे, चहानंतर एकदा नव्हे, प्रत्येक टेकपूर्वी. ट्रम्पेटवादकाने आधी नळीत फुंकून वाद्य गरम करावे, मग एक लांब स्वर धरावा आणि सूर चढा असेल तर ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे नळीची सरकती जोडणी, बाहेर ओढावी. वरातीच्या बँडमध्ये सगळी वाद्ये एकमेकांच्या जवळपास लावून घेतात. तिथे 440 चा आग्रह कोणी धरत नाही, तेव्हा ही अपेक्षा आदल्या दिवशीच आदराने समजावून सांगावी. हे काम एकाच माणसाकडे द्यावे, आणि त्याने होकार दिल्याशिवाय कोणीही टेकसाठी एक-दोन-तीन-चार मोजायला सुरुवात करू नये.

गिटारच्या तारा दोन दिवस आधी बदलाव्यात, कारण नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत सूर धरत नाहीत. पाणी, ड्रमच्या जादा काठ्या, केबल: हे सांगण्याची गरज नाही. वीज गेल्यास मुद्रण वाचेल एवढा यूपीएस स्टुडिओत आहे का, हे मात्र विचारावे. गायन दुसऱ्या दिवशी करायचे असेल, तर त्यापूर्वी आदल्या दिवसाचा टेक ट्यूनरवर तपासावा. चुकलेल्या सुरावर गाणाऱ्याला उभे करण्यात अर्थ नाही.

मिश्रण दोन दिवसांत संपवावे. आवाज अवाजवी चढवू नये, स्पॉटिफाय तो उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास आणतेच. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवाव्यात. गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा प्रसिद्धीपूर्वी कागदावर घ्यावा. वितरकाकडे गाणे 4 आठवडे आधी द्यावे; स्पॉटिफायच्या संपादकांपुढे ते किमान 7 दिवस आधी ठेवावे लागते. मुखपृष्ठ चौरस असावे. ट्रम्पेटवादकाचे नाव श्रेयनामावलीत घालावे आणि त्याचे मानधन त्याच दिवशी, स्टुडिओतून निघण्यापूर्वी, हातात द्यावे.