ग्लायडरची शेपटी किती मोठी हवी?

'शेपटी पंखाच्या इतके टक्के ठेवा' हा सल्ला अर्धाच आहे, कारण शेपटी पंखापासून किती लांब आहे हे त्यात येतच नाही. स्थैर्य ठरतं ते क्षेत्रफळ आणि अंतर यांच्या गुणाकारावर. म्हणून मॉडेलसाठी बाल्सा (हलकं लाकूड) कापण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

पहिली पायरी मोजमापाची. समजा पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी 100 सेंमी आणि रुंदी 12 सेंमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ 1200 चौ. सेंमी. पंख निमुळता असेल तर क्षेत्रफळाला लांबीने भागून सरासरी रुंदी काढा. आता पंख आणि शेपटी, दोन्हींच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर खूण करा. त्या खुणांमधलं अंतर 45 सेंमी धरू.

आता आडवी शेपटी. पंखाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी, त्याला 0.5 ने गुणा आणि अंतराने भागा: 0.5 × 1200 × 12 ÷ 45 = 160 चौ. सेंमी. साधारण 27 × 6 सेंमीची पट्टी झाली. ग्लायडरसाठी हा गुणांक सहसा 0.35 ते 0.6 असतो, पहिल्याच मॉडेलला 0.5 च्या खाली जाऊ नये असं माझं मत. अंतर 30 सेंमीवर आणलंत तर 240 चौ. सेंमी लागतील. उलट धड खूप लांबवलं तर शेपटीकडचं वजन वाढतं आणि नाकात शिसं भरत बसावं लागतं.

उभ्या शेपटीच्या हिशेबात पंखाची रुंदी नव्हे, लांबी येते आणि गुणांक 0.02 ते 0.04. इथे 0.025 × 1200 × 100 ÷ 45, म्हणजे सुमारे 67 चौ. सेंमी. ती लहान पडली तर ग्लायडर शेपूट हलवत डुलत जातो. पण 'मोठी तेवढी बरी' हेही खरं नाही: पंखांची टोकं वर उचलणारा कोन कमी आणि उभी शेपटी अवाढव्य, असं झालं की एका बाजूला कललेलं मॉडेल सावरत नाही, घिरट्या घेत खाली येतं.

इतकं करूनही गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर मॉडेल तोललं जातं तो) चुकला तर सगळं फुकट. सुरुवातीला तो पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश रुंदीवर, म्हणजे इथे 4 सेंमीवर आणा. पंखाची पुढची कड किंचित उचलून त्याचा कोन शेपटीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त ठेवा.

मग वारा नसताना, गवतावर, नाक किंचित खाली ठेवून हातानेच सोडून पाहा. जरा जोरात फेकल्यावर मॉडेल सावरण्याऐवजी आणखी खाली झुकत गेलं, तर नाकाकडे वजन वाढवा. सपकन वर उसळून थबकत असेल, तर आधी पंख आणि शेपटीच्या कोनातला हा फरक अर्ध्या अंशाने कमी करा. शेपटी बदलायचा विचार त्यानंतर.